उन्हाळ्याचे पेव

सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना साठवणुकीचे अर्थशास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. पीक एका हंगामात हाती येते, गरज मात्र बारमाही असते. या दोहोंमधील काळाचे अंतर भरून काढण्याची सोय ज्याच्याजवळ असते, तो भावाच्या लहरीवर अवलंबून राहत नाही. एके काळी ज्वारीची पेवेही गावोगावी असत. जमिनीसारखे स्वस्त कोठार दुसरे नाही, हे आपल्या शेतकऱ्याने अनुभवाने जाणले होते. एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ असे आपण आज काहीशा तिरस्काराने म्हणतो. परंतु पेव फुटण्यापूर्वी ते कोणी तरी दूरदृष्टीने खोदलेले आणि भरलेले असते, याचा विसर पडू नये.

या पेवाची आठवण होण्याचे कारण थोडे अनपेक्षित आहे. युरोपच्या उत्तरेकडील डेन्मार्क या छोट्या देशातील काही गावे गेली काही वर्षे धान्याचे नव्हे, तर उन्हाळ्याचे पेव भरीत आहेत. जून-जुलैमधील सूर्याची उष्णता पाण्यात घ्यावयाची, ते पाणी जमिनीत खोदलेल्या प्रचंड हौदात झाकून ठेवावयाचे आणि हिवाळा सुरू झाला की तीच उष्णता नळावाटे घराघरांत पोहोचवावयाची, असा हा उद्योग आहे. वरवर पाहता ही इंजिनिअरांची बाब वाटेल. परंतु थोडे खोलात गेल्यास असे आढळते की, यातील इंजिनिअरिंग त्या मानाने सोपे आहे. अवघड आहे ते अर्थकारण, आणि त्याहून अवघड आहे ती संस्था. म्हणूनच अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाने या विषयात लक्ष घालण्याचे धाडस करावयास हरकत नसावी.

प्रश्न उष्णतेचा

ऊर्जा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे वीज उभी राहते. थंड प्रदेशांत मात्र चित्र निराळे आहे. युरोपीय संघात जेवढी ऊर्जा अखेरीस वापरली जाते, तिच्यापैकी सुमारे निम्मी घरे, कार्यालये व कारखाने यांना उष्णता किंवा गारवा पुरविण्यात खर्च होते. दिवे आणि पंखे यांचा हिशेब त्यापुढे किरकोळ ठरतो. तेथे हिवाळ्यात घर गरम ठेवणे ही चैन नव्हे. अन्न आणि निवारा यांच्याच पंक्तीत बसणारी ती गरज आहे. पगारदार कुटुंबाला इंधनाचे बिल परवडेनासे झाले, तर त्याची झळ म्हाताऱ्यांना आणि मुलांना प्रथम लागते.

ही गरज सूर्याने भागवावी तर निसर्गाने मोठीच थट्टा करून ठेवली आहे. डिसेंबरात कोपनहेगनचा दिवस जेमतेम सात तासांचा असतो. जूनमध्ये तोच सतरा तासांहून मोठा होतो. म्हणजे उष्णता हवी असते तेव्हा सूर्य नसतो आणि सूर्य असतो तेव्हा उष्णता नको असते. विजेच्या बाबतीत दिवसा निर्माण करून रात्री वापरण्याचा प्रश्न असतो. येथे अंतर काही तासांचे नसून सहा महिन्यांचे आहे.

डेन्मार्कला या प्रश्नाला हात घालणे शक्य झाले, कारण घरोघर बंब पेटविण्याऐवजी एका ठिकाणी पाणी तापवून ते नळांनी गावभर फिरविण्याची पद्धत तेथे जुनी आहे. तिला ‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’ म्हणतात. आपण तिला सामुदायिक उष्णतापुरवठा म्हणू. १९०३ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग येथे शहराचा कचरा जाळून त्या उष्णतेचा उपयोग करण्यास आरंभ झाला. आज त्या देशातील जवळजवळ दोन-तृतीयांश घरे अशा नळजालाला जोडलेली आहेत. नळ एकदा जमिनीखाली टाकले की त्यांतून वाहणारे पाणी कोळशाने तापले, कचऱ्याने तापले की उन्हाने, याचे नळाला सोयरसुतक नसते. इंधन बदलावयाचे तर गावाच्या कडेला असलेली एक भट्टी बदलावी लागते. हजारो स्वयंपाकघरांत आणि तळघरांत शिरावे लागत नाही. दीर्घ मुदतीच्या सार्वजनिक भांडवलाचा हाच मोठा गुण होय.

१९७३ चा धडा

या पद्धतीला धोरणाचे रूप मिळाले ते संकटातून. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, त्या वेळी डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात केलेल्या तेलावर अवलंबून होती. त्या वर्षीच्या २५ नोव्हेंबरपासून काही रविवारी खाजगी मोटारी रस्त्यावर आणण्यास तेथील सरकारला बंदी घालावी लागली. ओस पडलेल्या हमरस्त्यांवरून माणसे सायकलींनी फिरली. संकटे सर्वांवरच येतात. फरक पडतो तो संकट ओसरल्यानंतर कोण काय लक्षात ठेवतो यामुळे. डेन्मार्कने १९७६ मध्ये पहिली ऊर्जा योजना आखली आणि १९७९ मध्ये उष्णतापुरवठ्याचा स्वतंत्र कायदा केला. कोणत्या भागाला कोणत्या मार्गाने उष्णता मिळावी, याचे नियोजन नगरपालिकांनी करावे, असे त्या कायद्याने ठरले.

त्या व्यवस्थेतील एक तत्त्व आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे असे आहे. उष्णता पुरविणाऱ्या संस्थेने ग्राहकाकडून केवळ आवश्यक तो खर्चच वसूल करावयाचा. त्यावर नफा घ्यावयाचा नाही. पुष्कळ लहान गावांतील या संस्था ग्राहकांच्याच सहकारी मालकीच्या आहेत. म्हणजे भाव ठरविणारा आणि भाव देणारा एकच. अशा संस्थेच्या सभासदाला पुढील वर्षाच्या लाभांशाची घाई नसते. वीस वर्षांनी आपले बिल किती येईल, ही त्याची चिंता असते. ही चिंताच उन्हाळ्याचे पेव खोदण्यास उपयोगी पडली.

शेततळ्यासारखा हौद

एरो नावाच्या बेटावर मार्स्टाल हे गाव आहे. शिडाच्या जहाजांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव १९९६ पासून सूर्याच्या उष्णतेचा सामुदायिक पुरवठ्यात उपयोग करीत आहे. आरंभी सुमारे ८,००० चौरस मीटर क्षेत्राचे उष्णताशोषक बसविण्यात आले. पुढे अनुभव घेत घेत ते वाढवून २०१२ पर्यंत ३३,००० चौरस मीटरांवर नेले आणि ७५,००० घनमीटर पाणी मावेल असा हौद खोदला. उत्तर जटलंडमधील ड्रॉनिंगलुंड या गावाने २०१४ मध्ये सुमारे ३७,५०० चौरस मीटरांचे शोषक आणि ६०,००० घनमीटरांचा हौद उभा केला. गावाच्या वार्षिक उष्णतेपैकी साधारणपणे ४० टक्के वाटा त्यातून भागू लागला. वोयेन्स येथे २०१५ मध्ये एका जुन्या वाळूच्या खाणीत सुमारे २,००,००० घनमीटरांचा हौद तयार झाला. त्या वेळी तो जगातील अशा प्रकारचा सर्वांत मोठा होता.

हे हौद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. प्लास्टिकचे अस्तर टाकलेले शेततळे आता आपल्याकडे शिवारोशिवारी दिसते. डेन्मार्कमधील हौद मुळात तसेच आहेत. उतरत्या बाजूंचा खड्डा खणावयाचा, निघालेल्या मातीचा बांध सभोवती घालावयाचा, आतून जाड प्लास्टिकचे अस्तर जोडावयाचे आणि पाणी भरावयाचे. शेततळ्याहून वेगळे आहे ते झाकण. उष्णता निसटते ती मुख्यतः वरून. म्हणून पाण्यावर तरंगणारे, उष्णतारोधक थरांचे एक मोठे आच्छादन संपूर्ण हौदावर पसरलेले असते. गरम पाणी हलके असल्यामुळे वर राहते, थंड पाणी तळाशी. उन्हाळ्यात तळाचे पाणी शोषकांकडे नेऊन तापवावयाचे व वर सोडावयाचे. हिवाळ्यात वरचे पाणी गावाकडे पाठवावयाचे. हिवाळा सरत आला आणि पाणी कोमट झाले की उष्णतापंप त्यातील उरलीसुरली उष्णताही पिळून काढतो. तरीही तूट राहिली तर लाकडाच्या तुकड्यांची किंवा वायूची भट्टी मदतीला असते.

अशा हौदात किती ऊर्जा मावते? एक घनमीटर पाणी ६० अंशांनी तापविले, तर त्यात सुमारे ७० युनिट उष्णता साठते. येथे युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलावरचेच युनिट. या हिशेबाने मार्स्टालच्या हौदात ढोबळमानाने ५२ लाख युनिट उष्णता राहू शकते. पाणी, माती आणि प्लास्टिक यांखेरीज त्यासाठी कोणतेही दुर्मिळ द्रव्य लागत नाही, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही.

वर्षातून एकदाच भरणारे कोठार

मग हे सर्वत्र का झाले नाही? उत्तर तीन हिशेबांत आहे, आणि तिन्ही हिशेब शाळेतील गणिताच्या पलीकडचे नाहीत.

पहिला हिशेब फेऱ्यांचा. एखादे गोदाम वर्षातून तीनशे वेळा भरले आणि रिकामे झाले, तर त्याचा वार्षिक खर्च तीनशे खेपांवर विभागला जातो. तेच गोदाम वर्षातून एकदाच भरले आणि एकदाच रिकामे झाले, तर साऱ्या खर्चाचा बोजा त्या एका खेपेवर पडतो. विजेची बॅटरी महाग असूनही रोज वापरली तर परवडू शकते. उन्हाळ्यात भरून हिवाळ्यात रिकामी करावयाची झाल्यास ती कोणालाही परवडणार नाही. म्हणून हंगामी साठवणूक करावयाची ती अत्यंत स्वस्त वस्तूतच करावी लागते. पाण्याने भरलेला खड्डा निवडण्यामागे निसर्गप्रेम नव्हे, हे निष्ठुर गणित आहे.

दुसरा हिशेब आकाराचा. दहा मीटर बाजूच्या घनाकृती हौदात १,००० घनमीटर पाणी मावते आणि त्याची सहा अंगे मिळून ६०० चौरस मीटर होतात. बाजू शंभर मीटर केली, तर पाणी हजार पटीने वाढून १० लाख घनमीटर होते. अंगे मात्र शंभर पटींनीच वाढून ६०,००० चौरस मीटर होतात. उष्णता निसटते ती अंगांतून. म्हणजे दर घनमीटरामागे होणारी गळती एक-दशांशावर येते. एका बंगल्याच्या तळघरातील टाकी सहा महिने उष्णता धरून ठेवू शकत नाही. गावाचा हौद ती धरू शकतो. काही वस्तू एकट्याने करणे मूर्खपणाचे आणि सर्वांनी मिळून करणे शहाणपणाचे असते. ही गोष्ट येथे भूमितीच सांगते, समाजवादाचा दाखला द्यावा लागत नाही.

तिसरा हिशेब व्याजाचा, आणि खरी मेख येथेच आहे. उन्हाला दाम पडत नाही. म्हणून या योजनेचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच वर्षी होतो आणि लाभ पुढे वीस-पंचवीस वर्षे थेंबाथेंबाने मिळतो. शंभर रुपयांचे कर्ज समान वार्षिक हप्त्यांनी २५ वर्षांत फेडावयाचे असेल, तर दरसाल ३ टक्के व्याजाने हप्ता पावणेसहा रुपयांच्या आसपास येतो. व्याज १० टक्के असेल, तर तोच हप्ता अकरा रुपये होतो. ऊन तेच, हौद तोच, पाणी तेच. परंतु उष्णतेचा भाव जवळजवळ दुप्पट. डेन्मार्कमधील सहकारी संस्थांना नगरपालिकेच्या हमीवर स्वस्त कर्ज मिळू शकते, आणि नैसर्गिक वायूवर तेथे भरीव कर आहे. या दोन गोष्टी वगळल्या असत्या, तर मार्स्टालचा हौद बहुधा कागदावरच राहिला असता. तंत्रज्ञान स्वस्त झाले म्हणून ते पसरते, असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा ते पसरते ते भांडवल स्वस्त व धीराचे असल्यामुळे.

ओकोटोक्सची दुसरी बाजू

याचा पडताळा दुसऱ्या एका प्रयोगाने मिळतो. कॅनडात कॅलगरी शहराच्या दक्षिणेस ओकोटोक्स हे गाव आहे. तेथे ड्रेक लँडिंग नावाच्या ५२ घरांच्या वसाहतीने २००७ मध्ये हाच प्रयोग निराळ्या रीतीने केला. घरांमागील गॅरेजांच्या छपरांवर सुमारे ८०० शोषक बसविले आणि जमिनीत सुमारे ३५ मीटर खोलीची १४४ विंधन छिद्रे पाडून त्यांतील नळ्यांतून गरम पाणी फिरविले. येथे हौद नव्हता. माती आणि खडक हेच कोठार होते.

भूमी एका उन्हाळ्यात तापत नाही. पहिली काही वर्षे ओतलेल्या उष्णतेचा मोठा भाग भोवतालची जमीन तापविण्यातच गेला. परंतु योजकांनी धीर सोडला नाही. पाचव्या वर्षी घरे उबदार ठेवण्यास लागणाऱ्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता सूर्याकडून मिळू लागली आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात तर हे प्रमाण शंभर टक्क्यांवर पोहोचले. जेथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, तेथे हे घडले. शास्त्रीय दृष्टीने याहून स्वच्छ यश कोणते हवे?

आणि तरीही ही योजना २०२४ मध्ये बंद करण्यात आली. यंत्रसामग्री जुनी झाली होती, सुटे भाग मिळणे कठीण झाले होते, दुरुस्तीचा खर्च वाढला होता. घरे नैसर्गिक वायूच्या भट्ट्यांवर गेली. ज्या प्रांतात वायू जमिनीतूनच निघतो आणि स्वस्त असतो, तेथे बावन्न कुटुंबांच्या खांद्यांवर एका अपूर्व यंत्राचे ओझे किती दिवस राहणार? सूर्याने दगा दिला नाही, भूमीने दिला नाही. त्या प्रयोगाला भावंडे नव्हती, हेच त्याच्या अंताचे कारण म्हणावे लागेल. शेजारच्या गावात तसाच पंप असता, तर त्याचा कारागीर आणि त्याचा सुटा भागही असता. डेन्मार्कमध्ये मार्स्टालच्या चुकांवरून ड्रॉनिंगलुंड शिकले, ड्रॉनिंगलुंडच्या अनुभवाचा लाभ पुढच्या गावांना झाला. आदर्श नमुना म्हणून कौतुकाने उभी केलेली एकुलती एक योजना आणि रुळलेली पद्धत यांत जो फरक असतो, तो हाच. आपल्याकडील कित्येक ‘आदर्श’ प्रकल्पांची उद्‌घाटनानंतरची कहाणी आठवल्यास हे अधिक पटेल.

आक्षेपांचा विचार

परंतु डेन्मार्कचे गुणगान करून थांबणे योग्य होणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे, तेथील एकूण सामुदायिक उष्णतेत सूर्याचा वाटा अजून अगदी लहान आहे. कोळशाची जागा तेथे मोठ्या प्रमाणावर घेतली ती लाकूड व इतर जैव इंधनांनी; त्यांतील पुष्कळ लाकूड परदेशांतून येते. एका देशाचा धूर कमी व्हावा म्हणून दुसऱ्या देशाची झाडे तोडावीत काय, हा प्रश्न तेथील अभ्यासकांनीच विचारला आहे आणि तो रास्त आहे.

दुसरी गोष्ट, हौदांनाही दुखणी आहेत. मार्स्टालच्या आच्छादनातील उष्णतारोधक थरांत ओल शिरली आणि ते नव्याने करावे लागले. नव्वद अंशांच्या जवळ जाणारे पाणी वर्षानुवर्षे सोसणे प्लास्टिकच्या अस्तराला सोपे नसते. पेवाचा शत्रू नेहमीच ओल असते; २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पुष्कळ पेवांची जी वाताहत झाली, ती आपल्याला ठाऊक आहेच.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो स्वातंत्र्याचा आहे. नळजाल परवडावयाचे तर गल्लीतील बहुतेक घरांनी त्याला जोडून घेतले पाहिजे. म्हणून नागरिकांवर जोडणीची सक्ती करण्याचा अधिकार डेन्मार्कमध्ये नगरपालिकांना देण्यात आला होता. ज्याला स्वतःच्या घराची व्यवस्था स्वतः करावयाची आहे, त्याला ही सक्ती जाचक वाटली तर नवल नाही. पुढे नवी सक्ती करण्याचा हा अधिकार काढूनही घेण्यात आला. प्रस्तुत लेखकाच्या मते ना नफा तत्त्व आणि सभासदांची मालकी यांशिवाय अशी सक्ती समर्थनीय ठरत नाही. ज्याला बाहेर पडता येत नाही, त्याला निदान हिशेबाच्या वह्या पाहण्याचा आणि संचालक बदलण्याचा अधिकार हवा. मक्तेदारी अपरिहार्य असेल, तर ती तिच्या ग्राहकांचीच असावी.

या आक्षेपांनी योजनेचे महत्त्व कमी होत नाही. तिच्या अटी मात्र स्पष्ट होतात. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपात वायूचे भाव गगनाला भिडले, तेव्हा १९७३ चाच धडा पुन्हा गिरवावा लागला. ज्या उष्णतेची किंमत वीस वर्षांपूर्वीच खड्ड्याच्या रूपाने चुकती झालेली असते, तिचा भाव परक्या राजधानीत ठरत नाही. स्वावलंबन या शब्दाला याहून अधिक रोकडा अर्थ असू शकत नाही.

दरम्यान कोठाराचा उपयोगही पालटत चालला आहे. वारा जोराने वाहत असतो तेव्हा वीज स्वस्त होते; त्या विजेने पाणी तापवून ठेवण्याकडे उत्तरेकडील देशांचा कल वाढतो आहे. म्हणजे वर्षातून एकदाच भरणारे कोठार आता अनेकदा भरू लागले आहे आणि पहिल्या हिशेबातील अडचण तेवढी सैल झाली आहे. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे तर मुस्तिक्कामा बेटाखालच्या खडकात खनिज तेल साठविण्यासाठी कोरलेली जुनी भुयारे होती. त्यांतच आता २,६०,००० घनमीटर गरम पाणी साठविले जाते. २०२१ मध्ये हे कोठार सुरू झाले. तेलाची जागा पाण्याने घ्यावी, यातील योगायोग बोलका आहे.

आपण काय घ्यावे?

नागपूरच्या उन्हात बसून हे वाचणारा वाचक साहजिकच विचारील की, याचा आम्हाला काय उपयोग? आम्हाला ऊब साठवावयाची नाही. असलीच तर ती घालवावयाची आहे. हे खरे आहे, आणि डेन्मार्कचा हौद जसाच्या तसा उचलून आणावा असे कोणीही सुचविणार नाही. परंतु आपल्याकडेही सौर वीज दुपारी मुबलक आणि दिवेलागणीला दुर्मिळ, अशी स्थिती दिवसेंदिवस ठळक होत आहे. पाणी वर चढवून ठेवावयाचे व गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढावयाची, अशी साठवणूक सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावॉट क्षमतेच्या प्रकल्पात आपण केलेलीच आहे. साठवणुकीचा प्रश्न आपल्याही दाराशी उभा आहे. केवळ अंतर महिन्यांचे नसून तासांचे आहे.

खरा बोध मात्र याहून वेगळा आहे. डेन्मार्कच्या पश्चिम जटलंडमधील एका खेड्यात १८८२ मध्ये शेतकऱ्यांनी पहिली सहकारी दुग्धशाळा काढली. शंभर वर्षांहून अधिक काळ मुरलेल्या त्या सवयीवर आजचे हे हौद उभे आहेत. आपल्याकडेही १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा हातात फारसे भांडवल नसलेल्या शेतकऱ्यांनी पुढच्या पिढीच्या विश्वासावर आपले पैसे गुंतविले होते. तो विश्वास हेच त्या काळचे सर्वांत मोठे भांडवल होते. त्यानंतर आपण कारखाने पुष्कळ वाढविले. विश्वास किती वाढविला, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या तालुक्यापुरता मांडून पाहावा.

अर्थशास्त्रात आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो की, उद्याच्या रुपयाची किंमत आजच्या रुपयापेक्षा कमी असते. हे खोटे नाही. परंतु किती कमी, हे मात्र कोणताही निसर्गनियम ठरवीत नाही. ते समाज ठरवितो. ज्या समाजाचा आपल्या संस्थांवर भरवसा नसतो, त्याला उद्याचा रुपया कवडीमोल वाटतो, आणि मग तो आज हाती लागेल ते ओरबाडून घेतो. ज्याचा भरवसा असतो, तो ऐन उन्हाळ्यात, उकाडा सोशीत, हिवाळ्यासाठी खड्डा खणावयास निघतो. पेव खोदणारा शेतकरी हे व्याजदर न शिकताच जाणत होता. तो खड्डा धान्याने भरीत असे आणि त्याचे तोंड लिंपून टाकीत असे, कारण अडचणीच्या दिवसांत ते उघडावयास आपण किंवा आपली मुले तेथे असणारच, याविषयी त्याच्या मनात शंका नसे.